बंडप्पाची साक्ष

महादेवीआक्काचा गाल भज्यावानी फुगला होता, तरी ती वाकून सोयाबीन कापायलीच होती. म्या शेजारच्याच पातीला होते. इळा ठेवला आन म्हणलं, आक्का, उमरग्याला दाताच्या डाक्टरकडं जा की. तर तिचा नवरा बंडप्पा बांधावरूनच बोलला, "आभाळ बघितलं का? पाऊस आला तर शेंगंला मोड येतेत. रास झाल्यावर बघू. तवर दाढंत लवंग धरावी आन प्रार्थना करावी."

लई इस्वास माणसाचा, बायकूच्या दाढंपुरता. गेल्या साली सोताची दाढ ठणकली तवा ऐन पेरणीत तिफन तशीच टाकून गडी फटफटीवर उमरग्याला पळाला होता. मला असा संताप आला म्हणता! पण दुसऱ्याच्या संसारात तोंड घातलं की आपलंच तोंड भाजतंय.

आमच्या वस्तीवर पत्र्याचं प्रार्थनाघर हाय. ऐतवारी गडी उजवीकडं बसतेत, बायका डावीकडं. उपदेश झाला की ज्याला वाटंल त्यानं हुबं ऱ्हाऊन साक्ष द्यायची, देवानं आपलं काय भलं केलं त्याची. बंडप्पाची साक्ष दर ऐतवारी ठरलेली, आन दर ऐतवारी थोडी वाढलेली.

त्या ऐतवारी पाळकसाहेबांनी वाचलं ते असं, की ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली, तिच्यासाठी सोताला दिलं, तशी नवऱ्यांनी बायकूवर प्रीती करावी, तिला आपलंच शरीर समजावं. ह्याच्या आदीचं, बायकांनी नवऱ्याच्या अधीन ऱ्हावं म्हणून हाय ते, बंडप्पाला तोंडपाठ. फुडचं त्यानं कधी कानावर घेतलंच नव्हतं. तरी उठला. म्हणला, आमच्या घरी हे आदीपासूनच चालू हाय, बायकू म्हंजी माझंच शरीर. गड्यांनी आमेन म्हणलं.

मग डावीकडून आक्का उठली. पदर गालाला दाबलेला.

"मला बी साक्ष द्यायचीय," ती म्हणली. "ह्यांची दाढ दुखली तवा पेरणी थांबली. माझी दुखायलीय तर सोयाबीन थांबंना. शरीर एकच हाय, तर पाळकसाहेब, हे दुखणं ह्यांना कळंना कसं, तेवढं सांगा."

कुणी आमेन म्हणंना. म्याच म्हणलं, चांगलं मोठ्यानं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत काढलं, तर पेटीवर बसलेल्या त्यांच्या बायकूनं, राजेश्वरीबाईनं, पेटीच मिटली. म्हणली, माझी बी साक्ष हाय. साहेबांनी सोताचा चष्मा दोनदा बदलला आन ती आजून त्यांचा जुनाच लावून पेटी वाजवती, हे त्या दिशी सगळ्या मंडळीला कळलं.

सोमवारी दोन फटफट्या उमरग्याला गेल्या. दाढ पार किडलेली निघाली, उपटावी लागली. इतकं दुखणं अंगावर काढू कसं दिलं म्हणून डाक्टरनं बंडप्पाला चार माणसांत झापलं. इकडं दुपारी पाऊस आला आन कापून ठेवलेलं थोडं भिजलं.

सांजच्याला म्या बघायला गेले. आक्का बाजंवर पडलेली आन बंडप्पा चुलीपाशी पेज ढवळायलेला, करपल्याचा वास दारापातूर. आक्काच्या कानाशी म्हणलं, ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला, तुझ्यावाल्यानं एका दिसाचं सोयाबीन दिलं, ते बी तोंड वाकडं करून.

आक्कानं तोंडातला कापूस काढला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणली. "ह्यांच्या मानानं लई झालं."