कराओकेतून शिकलेली जपानी

माझी सासू वर्षभरात पोर्तुगीज विसरली. आधी भाज्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, आणि शेवटी माझ्याशी भांडायचे शब्दही गेले. तेव्हा मात्र मी घाबरले, कारण आमचं नातं इतकी वर्षं त्या भांडणावरच तर उभं होतं. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी होतं असं, लहानपणीची भाषा तेवढी मागे उरते. जपानहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या आमच्या असाई गावात जपानी आज्यांना सगळे बाच्चान म्हणतात, तशी मीही तिला बाच्चानच म्हणायचे. तिची लहानपणीची भाषा जपानी. आणि मी जुरेमा, बाजारात पास्तेल, म्हणजे सारण भरलेल्या पुऱ्या तळणारी. मला जपानीतले दोनच शब्द यायचे, 'भात' आणि 'मूर्ख'. दुसरा तिनेच शिकवला होता.

नवरा मिल्तोन ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. त्याची जपानी जेवायला मागण्यापुरती. त्याची बहीण मिएको मात्र जपानात नागोयाच्या कारखान्यात कित्येक वर्षं राहून आलेली, जपानी फाडफाड बोलते. ती राहते साओ पावलोला. एक दिवस तिचा फोन आला.

"जुरेमा, आईला मी इकडच्या वृद्धाश्रमात ठेवते. तिथल्या बायका जपानी बोलतात."

"का? मी काय मेले?"

"राग मानू नकोस, पण तिला कुठे दुखतंय एवढं तरी कळतं का गं तुला?"

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. आदल्याच आठवड्यात बाच्चान जेवत नव्हती. मला वाटलं, नेहमीचेच नखरे. पाहिलं तर दाढ सुजून टम्म झालेली. बिचारी सांगत होती आणि मी ताटलीवर ताटली पुढे सरकवत होते.

"जुलैपर्यंत थांब," मी म्हणाले. "तोपर्यंत मला जपानी आली नाही तर ने तिला."

मिएको हसली. माझा नवराही हसला. पण माझ्या अडाणीपणापायी म्हातारीला तिच्याच घरातून उचलून न्यावं, हे मला सहन होईना. ती मला फार आवडायची असं नाही. पण तिच्याशिवाय ते घर माझ्या डोळ्यांपुढे येईना, हे खरं.

जपानी शिकवणीची फी ऐकून मी दारातूनच मागे फिरले. शेजारच्या खोलीत जपानी मंडळाचा कराओके चालला होता. म्हातारे ओनिशीसान तिथले प्रमुख. "पैसे नकोत," ते म्हणाले. "पास्तेल आण, आणि गा." माझा आवाज म्हणजे गंजलेलं दार. तरी गायले. गाण्यांचे कागद रोमन लिपीत असायचे आणि ओनिशीसान पास्तेल खात खात ओळीओळीचा अर्थ सांगायचे. थोड्याच दिवसांत मला बंदर, बर्फ, अश्रू, दारू आणि ताटातूट असं सगळं येऊ लागलं. दाढेला काय म्हणतात ते कुठल्याच गाण्यात नव्हतं.

एका सकाळी मी धीर केला. कॉफी पुढे ठेवली. 'उठा, घ्या' एवढंच म्हणायचं होतं. पण जे येत होतं तेच तोंडातून निघालं, "गलबत सुटायच्या आत, लाडके, माझ्या हातचा एक घोट घे."

बाच्चानने कॉफीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कसलं गलबत?" तिने जपानीत विचारलं, आणि मला ते कळलं! मग ती जी हसायला लागली, ती पोट धरून. हसू ओसरल्यावर तिने मला समोर बसवलं आणि सकाळी काय म्हणायचं असतं ते हळूहळू, तोडून तोडून सांगितलं. मी चुकले. "मूर्ख!" ती म्हणाली. किती दिवसांनी ऐकला तो शब्द! मला रडूच आलं.

तेव्हापासून रोज शिकवणी. बरोबर बोलल्याशिवाय बाई घास घ्यायची नाही. मी गुडघ्याला हात लावायचा, पोटाला लावायचा, नाव विचारायचं, आणि चुकलं की मनगटावर चापट. काही सकाळी मी कोण हेही तिला आठवायचं नाही, पण चूक तेवढी बरोबर पकडायची. मी बाजारात कणीक लाटतानाही पुटपुटत असायचे.

"काय गं जुरेमा, तळताना मंत्र म्हणतेस की काय?" बटाटेवाला सेव्हेरीनो ओरडायचा.

"हो, तुझं तोंड बंद व्हायचा!"

जुलैत मिएको रिकामी बॅग घेऊन आली, आईचे कपडे भरायला. बाच्चान ताठ बसली, पाहुण्यांसमोर बसते तशी. मिएको तिच्या सुरेख जपानीत म्हणाली, "आई, माझ्याबरोबर साओ पावलोला चल. तिथे तुला बोलायला खूप बायका मिळतील."

बाच्चानने मान लववली. आधी मला म्हणाली, "पाहुणीला चहा दे." मग मिएकोला म्हणाली, "तुमचे फार उपकार. पण मला घर सोडता यायचं नाही. माझ्या सुनेला अजून धड बोलता येत नाही. मी गेले तर तिला शिकवणार कोण?"

मिएकोचा चेहरा उतरला. आईने तिला ओळखलंच नव्हतं. तरी सवयीने ती माझ्याकडे वळली, पोर्तुगीजमध्ये सांगायला लागली, "ती म्हणतेय की..."

"कळलं मला," मी म्हणाले. "शब्दन् शब्द कळला."

खरं सांगते, त्या क्षणी टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. पण मिएकोचे डोळे भरले होते, म्हणून आधी तिला चहा दिला.

"आणि दुखलं खुपलं तर?" तिने हळूच विचारलं.

मी बाच्चानकडे वळून जपानीत विचारलं, "आज गुडघे कसे आहेत?"

"डावा बरा आहे. उजवा ठणकतोय. आणि काल तू भात पुन्हा मोकळा केलास. भात कसा चिकट हवा!"

मिएको डोळे पुसत पुसत हसली. बॅग तिने पायाने पलंगाखाली ढकलली.

मग मी हिंमत केली. कुठल्याच गाण्यात नसलेलं, कुणी न शिकवलेलं एक वाक्य माझं मीच जुळवलं, "आई, तुम्ही इथेच राहा. माझ्याजवळ."

"चूक," बाच्चान म्हणाली. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. तिने मिएकोकडे बोट केलं. "आता तुम्ही."

मिएको माझ्या शेजारी येऊन बसली आणि आम्ही दोघींनी एका सुरात म्हटलं.