आई जेवून गेली पाहिजे

ज्ञानेश्वरीला यंदा कारभारीण व्हायचं अजिबात नव्हतं. शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट अर्धवट, आणि त्यात एकवीस पोरींच्या मेसचा संसार कोण गळ्यात घेईल? पण 'माहेर' नावाच्या या मेसमधली निवडच अशी होती की जी पोरगी जोरात 'नको' म्हणत नाही तिच्याच गळ्यात माळ पडायची. ज्ञानेश्वरीला जोरात बोलायची सवय नव्हती.

माहेर म्हणजे परभणीत, कॉलेजच्या मागच्या बाजूला भाड्यानं घेतलेलं दोन खोल्यांचं घर. शेतकी शिकणाऱ्या पोरींनी स्वतःच चालवलेली मेस. सुलाबाई भाकरी थापायच्या, बाकी सगळं पोरींच्या पाळीवर. जागा मोजून बावीस. पण ते फक्त जेवण्यापुरतं होतं असं समजू नका. माहेरात घेतलं की वरच्या वर्गातल्या नोट्स मिळायच्या, आजारपणात उशाशी कुणीतरी बसायचं, आणि पास होऊन नोकरीला लागलेल्या ताया नव्या पोरींच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आठवणीनं फोन करायच्या. ज्या पोरीला माहेर मिळालं नाही तिनं चार वर्षं हॉस्टेलची पातळ डाळ प्यायची आणि एकटीनं झुरायचं.

आत यायला नियम एकच. पोरीच्या घरची बाई, शक्यतो आईच, येऊन माहेरात एकदा जेवून गेली पाहिजे. मग सगळ्यांनी हात वर करून मत द्यायचं. बारा वर्षांपूर्वी ज्या पाच पोरींनी हे घर सुरू केलं त्यांचे बाप म्हणाले होते, पोरींनी पोरींचं घर चालवायचं हे कसलं खूळ? तेव्हा त्यांनी आपापल्या आयांना आणून जेवू घातलं, आणि आयांनीच गावात जाऊन सांगितलं की घर चांगलं आहे. नियम तेव्हा पोरींना सांभाळायला केलेला होता. पुढं तो दारावर बसला, आणि कुणाला आत सोडायचं नाही ते ठरवायला लागला.

हा नियम निघाला की ज्ञानेश्वरी विषय बदलायची. कारण ती स्वतः खोटी आई दाखवून आत आलेली होती.

तिचं गाव चुडाव्याजवळ. आई-वडील दसरा झाला की टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला जायचे, ते होळीलाच परत. आणि माहेरातलं जेवण व्हायचं नेमकं दिवाळीनंतर. एका जेवणासाठी टोळी सोडून दोन दिवस ये, असं आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि आई उसाला गेली आहे हे या पोरींना तरी कुठल्या तोंडानं सांगायचं? मग तिनं पिंगळीच्या पारूबाईला गाठलं. सकाळच्या पॅसेंजरला ओळख झालेली, मेथी-पालक विकणारी बाई. पारूबाई धुतलेलं लुगडं नेसून आली, पिठलं-भाकरी जेवली, "लेकराला सांभाळा गं बायांनो," म्हणाली, डोळ्याला पदरही लावला. सगळे हात वर गेले.

पण अक्कल किती असावी? आई म्हणून आणली ती भाजीवाली, आणि माहेरातल्या पोरी दर रविवारी पाळीपाळीनं भाजी आणायला जायच्या त्याच बाजारात. हे ज्ञानेश्वरीच्या ध्यानात उशिरा आलं. "मला भाजीतलं लई कळतं, मीच आणत जाईन," असं म्हणून तिनं सगळ्यांची पाळी अंगावर घेतली. तीन वर्षं झाली. दर रविवारी दोन हातांत दोन पिशव्या आणि पोटात भीती. उजवा खांदा आता कायमचा दुखायचा. पारूबाई मात्र दर वेळी एक जुडी जास्त घालायची आणि म्हणायची, "लेकीला कुठं मोजून देतात व्हय?"

अशा या कारभारणीपुढं नोव्हेंबरात सबिता येऊन उभी राहिली. ओडिशातली. परराज्याच्या कोट्यातून आलेली पहिल्या वर्षाची पोरगी, काडीसारखी, वहीत मराठी शब्द लिहून पाठ करणारी. बावीसपैकी एक जागा रिकामी होती.

"दीदी, मला माहेर पाहिजे," ती म्हणाली. "हॉस्टेलमध्ये माझ्याशी कोण बोलत नाही."

ज्ञानेश्वरीनं नियम सांगितला. सांगताना स्वतःचीच जीभ कडू झाली.

"आई खूप लांब आहे. दीड दिवस," सबिता म्हणाली. मग तिनं विचारलं, "सगळ्यांची आई आली होती?"

"आली होती," ज्ञानेश्वरी म्हणाली.

त्या दुपारी तिनं राजेश्रीजवळ विषय काढला. राजेश्री देवगाव फाट्याची, घरची बारमाही बागायत, आणि माहेरात कारभारीण कुणीही असो, शब्द हिचाच चालायचा. वाईट मनाची असती तर सोपं झालं असतं. पण दुसऱ्या वर्षाला ज्ञानेश्वरीला डेंग्यू झाला तेव्हा हीच पाच दिवस दवाखान्यात तिच्याजवळ बसलेली होती.

"इतक्या लांबच्या पोरीला नियम सोडावा म्हणते मी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"सोडायचा कशाला?" राजेश्री लसूण सोलता सोलता म्हणाली. "सगळ्यांना एकच नियम हाय. पंधरा किलोमीटरवरच्या आईला बी तोच आन् हजार किलोमीटरवरच्या आईला बी तोच. त्यात काय अन्याय झाला? येऊ दे की तिची आई. जेवू घालू. कोण नको म्हणायलंय?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. माझी आई पंधरा किलोमीटरवरची नव्हती, माझीही लांब कर्नाटकात होती, हे ओठावर आलं होतं. पण शेवटचं वर्ष होतं, पुढं नोकरीला याच तायांचे फोन लागणार होते, आणि ज्ञानेश्वरी दमलेली होती. दमलेलं माणूस खरं बोलायचं उद्यावर टाकतं. ती गेली आणि सबिताला म्हणाली, "आई आली तर होईल बघ."

असं सांगितल्यावर कुणी खरंच येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सबिताची आई परभणी स्टेशनवर उतरली. दोन गाड्या बदलून, एकटी. घरी धानाची कापणी चालू होती, म्हणून संध्याकाळच्याच गाडीनं परत निघायचं होतं. बारकी बाई, पायात नव्या चपला, त्या चावत होत्या म्हणून फलाटावरच काढून हातात घेतल्या. काखेत मुरमुऱ्यांचं गाठोडं. सबिता तिला बिलगली ती सुटेचना. ज्ञानेश्वरी दोन पावलं मागं उभी राहिली. तिला त्या वेळी आपल्या आईची अशी काही आठवण आली की तिनं तोंड फिरवून गाड्यांचा फलक वाचायला घेतला.

माहेरात पंगत बसली. सुलाबाईंनी भाकरी, पिठलं, ठेचा असं नेहमीचंच केलं होतं. सबिताच्या आईला मराठी येत नव्हती आणि हिंदीही चार शब्द. ती फक्त लेकीकडं बघायची आणि लेक खाईल तसं खायची. भाकरी तिला तुटत नव्हती, तरी दोन खाल्ल्या. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसली. जेवण झाल्यावर कुणी अडवायच्या आत उठून स्वतःचं ताट घासलं, शेजारणीचंही घासलं, आणि गाठोडं सोडून एकेका पोरीच्या ओंजळीत मुरमुरे घातले. पोरींनी खाली बघूनच ते घेतले. थोड्या लाजल्या होत्या म्हणा ना.

"झालं," ज्ञानेश्वरीला वाटलं. तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

मायलेकी स्टेशनकडं गेल्या. ज्ञानेश्वरीनं बाहेरच्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि हात वर करायला सांगणार, तेवढ्यात राजेश्री म्हणाली, "एक बोलू का? ती तिची आईच हाय कशावरून?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? आपल्याला तिची भाषा कळत न्हाई, गाव ठाऊक न्हाई. बांधकामावर त्यांच्याकडच्या बाया कमी हायत का? आणली असंल एखादी. आमच्या आया आल्या तर गावं निघाली, नाती निघाली. हिचं काय निघालं?"

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. ज्ञानेश्वरीच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. चपला हातात घेऊन चालणारी ती बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यात पहिल्यांदा ती जोरात बोलली.

"खोटी आई मी आणली होती! ऐका नीट. पहिल्या वर्षाला जेवून गेली ती माझी आई नव्हती. पिंगळीची पारूबाई होती ती, मेथी विकती. माझी आई उसात होती. काढायचं तर मला काढा. तिची खरी हाय."

बोलून झालं आणि ती उभीच राहिली. आता काय होईल? शिव्या, रडारड, तायांना फोन. तिनं सगळ्याची तयारी केली होती. पण कुणीच दचकलं नाही. कोपऱ्यातली एक पोरगी तर खाली बघून चक्क हसली.

"बस खाली," राजेश्री हळूच म्हणाली. "माहीत हाय आमाला."

"काय माहीत हाय?"

"पारूबाईचं. तू आलीस त्याच्या आठव्या दिवशी मी बाजारात गेल्ते, तर तुझी आई तिथं जुड्या बांधायली. मला बघून बिचारीनं मान खाली घातली. मी पाव किलो वांगी घेतली आन् आले."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलायचं काय त्यात? तुझे आई-बाप उसाला जातात हे बी कळलं होतं. चुडाव्याची पोरगी, आपल्याकडची. आपल्या माणसाचं एवढं तर चालवून घ्यावं लागतं की. नव्या पोरी आल्या की त्यांना बी सांगून ठेवायचो, ज्ञानूपुढं आईचा विषय काढू नका म्हणून."

"आन् भाजीची पाळी? तीन वर्षं?"

"ती तूच घेतलीस," कोपऱ्यातली ती पोरगी म्हणाली. "आमी कुठं मागितलं? आमाला बरंच झालं."

ज्ञानेश्वरी खाली बसली. तीन वर्षांचे रविवार तिला एकदम मोजता येईनात. तिला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा. यांनी तिच्यावर माया केली होती, हे खरंच होतं. आणि त्याच मायेनं दार लावून घेतलं होतं, हेही खरं होतं.

"मग तिचं बी चालवून घ्या की," ती म्हणाली. "तिनं तर काही खोटं केलं न्हाई."

"तिचं इथं हाय कोण?" राजेश्री म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. भाजीत मीठ किती, असं विचारावं तसं ती विचारत होती. "चार वर्षांनी जाईल आपल्या मुलखात. नोट्स आपण द्यायच्या, फोन आपल्या तायांनी करायचे, आन् पुढं ती आपल्या कुणाच्या कामाला येणार हाय? आपल्या जिल्ह्यातल्या चार पोरी हॉस्टेलात रडायल्यात, आधी त्यांना नको का?"

हात वर झाले. सबिताच्या बाजूनं सात, विरुद्ध चौदा. कारभारीण म्हणून ज्ञानेश्वरीनं दोनदा मोजले.

गाडीला अजून अर्धा तास होता. मायलेकी फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या. आईनं पुन्हा चपला घातल्या होत्या. ज्ञानेश्वरीला बघताच ती उठून उभी राहिली आणि लेकीला घाईघाईनं काहीतरी म्हणाली.

"आई विचारते," सबिता म्हणाली, "जेवताना तिचं काही चुकलं काय?"

ज्ञानेश्वरीला रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "न्हाई," ती म्हणाली. "सांग त्यांना, काहीच चुकलं न्हाई. लय छान जेवल्या."

सबिता तिच्या तोंडाकडं बघत राहिली. हुशार पोरगी होती. पुढचं विचारलं नाही. मग आईकडं वळून ती तिच्या भाषेत बोलली, हसून, भरभर. बाईचा चेहरा असा उजळला की बघवेना. तिनं दोन्ही हात ज्ञानेश्वरीच्या गालावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि उरलेल्या मुरमुऱ्यांचं सगळं गाठोडं तिच्या हातात दिलं.

"काय सांगितलंस?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"घेतलं म्हणून सांगितलं. एवढ्या लांब आली ती."

गाडी आली. बाईला जागा मिळाली, खिडकीतून तिचा हात बराच वेळ हलत राहिला. गाडी दिसेनाशी झाल्यावर सबितानं पिशवीतून मराठी शब्दांची वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"दीदी, माहेरात कोणत्या दिवशी काय भाजी करतात, तेवढं सांगा. आई रोज फोनवर विचारेल."

ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी बाकावर बसली.

"सोमवारी मटकी," ती म्हणाली. "लिही."