लाल दोऱ्याची कणसं

पौषाचं ऊन. कोवळं, पीतवर्णी, काळ्या भुईवर अलगद उतरलेलं ऊन. भीमाकाठच्या त्या सपाट, सीमाहीन शिवारात जोंधळा पोटरीतून बाहेर पडून कणसांवर आला होता, आणि कणसाकणसांत दुधाचा दाणा होत होता. वारा उत्तरेचा. वाऱ्याला करडईच्या पिवळ्या फुलांचा कोरडा, काटेरी गंध. अशा सुवर्णमय दिवसांत माणसाने कुणावर राग धरू नये.

पद्मिनीने धरला होता. नीट, जपून, राखेखाली विस्तव राखावा तसा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येपासून तो राग तिने एकदाही विझू दिला नव्हता.

विहिरीलगत तिचा एक वाफा होता. एवढासा, अंगणाएवढा. त्यात काजळी उभी होती. काजळी म्हणजे जोंधळ्याचाच एक वाण, पण त्याची बोंडं काळीभोर आणि बोंडाआडचा दाणा मोतीशुभ्र. आगीत भाजून चोळला की त्या हुरड्याला दुधाची चव, आणि गिळून झाल्यावर मागे रेंगाळणारी गुळाची. सात गावांत हा वाण दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तो राखला होता पद्मिनीच्या आईने, हौसाबाईने. दुष्काळाच्या वर्षी घरात दाणा उरला नाही, तेव्हा हौसाबाईने रानातल्या तरवट्याचा पाला उकडून लेकरांना घातला आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन निजली. आढ्याला टांगलेल्या गाडग्यात, राखेत, काजळीचं बी होतं. लेकरांनी गाडग्याकडे बोट दाखवलं. "ते आपलं न्हाई," हौसाबाई म्हणाली, "ते पुढल्या साली येणाऱ्या पिकाचं हाय." आणि तिने कूस बदलली.

आई गेली. बी राहिलं; दर पेरणीला गाडगं रिकामं होई. दर पौषात पद्मिनी वाफ्यात उभ्याउभ्याच भरदार कणसं निवडी आणि त्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधी. दोरा बांधलेलं कणीस बियाण्याचं. ते कुणी खायचं नाही, ते वाळेपर्यंत शेतातल्या उभ्या ताटावरच राहायचं. बिनदोऱ्याची कणसं मात्र मित्रांची.

मित्र चौघं. पद्मिनी, कांदा-लसणाची मुमताज, दोन म्हशींचा जालिंदर, आणि रस्त्याकडेच्या रानातला भालचंद्र, पद्मिनीच्या वर्गात पहिलीपासून बसलेला. चौघांची शेती दोन-दोन, तीन-तीन एकरांची, पण चौघांची जीभ जहागीरदाराची. शेंगांच्या चटणीत तिखट आधी कुटायचं की मागाहून, यावर ते तासभर भांडत, आणि भांडता भांडता चटणी संपवून टाकत.

त्या प्रेमापोटीच दोन वर्षांपूर्वी पद्मिनीने भालचंद्राला ओंजळभर काजळी दिली. त्याने ती पेरली, वाढवली, कृषी प्रदर्शनात नेली. पहिला क्रमांक आला. "वाण कुणाचा?" असं टेबलामागच्या माणसाने विचारलं. भालचंद्राने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, आणि स्वतःचं नाव सांगितलं.

हे पद्मिनीला कुणी सांगितलं नाही. वेळ अमावास्येला चौघं जेवायला भालचंद्राच्या रानात जमली, तेव्हा तिने रस्त्यावरची नवीकोरी पाटी पाहिली. 'भालचंद्र काजळी. आमच्या घराण्याचा मूळ वाण. हुरडा मिळेल.' तिच्या हातात आंबिलीचं मडकं होतं. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग ती पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी जाऊन बसली, पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी खाल्ली आणि म्हणाली, मीठ जरा कमी पडलंय.

बाकी काही म्हणाली नाही. तिथेच भालचंद्राला कळायला हवं होतं.

त्याला कळलं नाही, कारण तो मजेत होता. शहरातून गाड्या येत होत्या, माणसं पाटीखाली उभी राहून फोटो काढत होती. आलेल्यांना त्याने रानातली काजळी खिलवली. शेवटच्या कणसापर्यंत खिलवली. बियाण्याला एक ताटसुद्धा राखलं नाही. जालिंदरने विचारलं तर हसला. "बी पद्मीकडं असतंय की. ती हाय, मला कशाला काळजी!"

आणि पौषातल्या एका सकाळी पद्मिनीने तिघांना हुरड्याचं बोलावणं धाडलं.

बोलावणं धाडून ती विळा घेऊन वाफ्यात शिरली. आधी बिनदोऱ्याची कणसं खुडली. मग दोऱ्याच्या कणसापुढे उभी राहिली. आईचा उपाशी, निजलेला, भिंतीकडे वळलेला पाठमोरा देह तिला दिसला. मग तिला पाटी दिसली. विळा चालला. लाल दोरा सोडायचा, कनवटीला लावायचा, कणीस टोपलीत टाकायचं. दोरा सोडायचा, कणीस टाकायचं. जे पोटातल्या आगीपासून आईने वाचवलं होतं, ते लेक स्वतःच्या हाताने आगटीत घालणार होती. तिला ठाऊक होतं ती काय करते आहे. म्हणूनच ते तिला गोड लागत होतं.

आगटी पेटली. गोवऱ्यांचा निळसर, कडवट धूर विहिरीवर तरंगला. मुमताजने चटणी आणली, जालिंदरने सायीचं दही, भालचंद्राने गूळ आणि बोरं. कणसं निखाऱ्यात तडतडली, काळी बोंडं आणखी काळी झाली, आणि पद्मिनी ऊनऊन कणसं तळहातावर चोळत राहिली. हिरवट, वाफाळते, मऊसूत दाणे. पहिली मूठ तिने भालचंद्राच्या पानात टाकली. दुसरीही. तिसरीही.

"खा," ती म्हणाली. "पोटभर खा."

"काय चव हाय!" भालचंद्राने डोळे मिटले. "आवंदा तर लईच जमलाय."

"निवडक हाय."

खाणं चाललं. दही संपलं, बोरं संपली, ऊन विहिरीच्या काठावरून खाली उतरलं. भालचंद्राने हात झाडले आणि सैलावून म्हणाला, "पद्मे, पुढल्या पेरणीला मला दोन शेर बी लागंल बघ. लोकं आतापासनंच इचारत्यात."

पद्मिनीने कनवटीची गाठ सोडली. सुपात लाल दोऱ्यांचा पुंजका टाकला. सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"हे घे बी."

मुमताजचा हात तोंडापाशी थांबला. जालिंदरने वाफ्याकडे पाहिलं. त्याला दिसली नुसती बोडकी ताटं. भालचंद्राने दोरे पाहिले, आपल्या पानातला शेवटचा घास पाहिला, आणि त्याचा चेहरा राखेगत झाला.

"तू... बियाण्याचं खाऊ घातलंस?"

"तुलाच जास्त घातलं. तुझ्या घराण्याचं न्हवं का ते!"

"पद्मे, मी..." त्याचा आवाज फुटला. "परदर्शनातल्या त्या मानसानं इचारलं, आन् माज्या तोंडून गेलं. आयुष्यात पैल्यांदा कोन तरी माजं नाव लिहून घेत हुतं. मग मागं घेता आलं न्हाई. हौसामावशीच्या हातचं जेवलोय मी. मला ठावं हाय ते कुनाचं हाय."

"ठावं हुतं, आन् तवा गप बसलास," पद्मिनी म्हणाली. "आताबी गप बस. पानात हाय ते संपव."

त्याने संपवलं. एकेक दाणा, डोळ्यांतून पाणी गळत असताना. पद्मिनीने शेवटच्या दाण्यापर्यंत पाहिलं. तिला समाधान वाटलं. लख्ख, थंडगार समाधान.

"गं बाई, सगळंच जाळलंस?" मुमताज कळवळून म्हणाली. "आईचं सगळंच?"

पद्मिनीने वाफ्याच्या मधोमध बोट दाखवलं. बोडक्या ताटांच्या दाटीत एकच कणीस उभं होतं. एकच. काळं, भरदार, गळ्यात लाल दोरा.

"ते पिकायला म्हैना लागंल. आता काजळीचा दुसरा दाना न्हाई, म्हंजे पाखरं तिथंच येनार. भाल्या, राखण तू करायची. दिस उगवल्यापासनं मावळंपतूर. हाक घालायची ती माज्या आईच्या नावानं. आन् मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी तो आला. येणार नाही असं जालिंदर म्हणाला होता, पण आला.

आणि मग माघभर गावाने ते पाहिलं. पाटीवर ज्याचं नाव, प्रदर्शनात ज्याचा पहिला क्रमांक, तो भालचंद्र विहिरीवरच्या राखणीच्या माळ्यावर उभा, हातात गोफण, आणि राखायला एक कणीस. चिमण्या येत. वाफा उजाड झाल्यावरही काजळीच्या चवीला चटावलेल्या चिमण्या, थव्याथव्याने त्या एका कणसावर झेपावत. गोफण गरगरे. "हौसाबाईची काजळी हाय गं, उडा! हौसाबाईची काजळी हाय!" रस्त्यावरची माणसं सायकली थांबवत. पोरं हसत. म्हातारी माणसं मान डोलावत, त्यांना हौसाबाई आठवे.

पद्मिनी बांधावर येई, कमरेवर हात ठेवून ऐके. शाबासकी नाही, पाण्याचा तांब्याही नाही. एकच शब्द.

"मोठ्यानं."

तो आणखी मोठ्याने ओरडे. त्याचा आवाज बसला, घसा सोलवटला, उन्हाने पाठ काळवंडली. पद्मिनीला दया आली नाही. मात्र तिची भाकरी रोज करपे, कारण तिचा एक कान सतत रानाकडे असे, आणि हाक क्षणभर थांबली की तिचं काळीज थांबे. आईचं सगळं त्या एका कणसावर तिने टांगून ठेवलं होतं. सूड उगवताना एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कणीस पिकलं. एका बाजूला चिमण्यांनी टोचलेलं, पण बाकी भरलेलं, खडखडीत. पद्मिनीने ते स्वतः खुडलं. भालचंद्र माळ्यावरून उतरला, समोर उभा राहिला. तिने त्याला एक दाणाही दिला नाही. त्याने मागितलाही नाही. गोफण खांद्यावर टाकून, रिकाम्या हातांनी, तो गेला.

दुसरी सकाळ. धुकं विरळ, ऊन नवं. ओसरीवर बसून पद्मिनीने दाणे राखेत मिसळले, आईच्या गाडग्यात भरले. गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधताना तिचे हात थबकले.

रस्त्याकडून आवाज येत होता. घोगरा, चिरलेला, पण येत होता. तिथे आता पीक नव्हतं, कणीस नव्हतं, पाखरू नव्हतं; होती फक्त ती पाटी, आणि पाटीखाली उभा राहून ओरडणारा एक माणूस.

"हौसाबाईची काजळी हाय! हौसाबाईची..."

उजाड काळ्या रानावरून ते नाव आलं. विहिरीवरून आलं, बोडक्या ताटांवरून आलं, ओसरीच्या उंबऱ्याशी आलं. पद्मिनीने त्याला माफ केलं नव्हतं. तिने फडक्याची गाठ घट्ट आवळली, गाडगं पोटाशी धरलं, आणि कुणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"मोठ्यानं."