साळूबाईनं न घेतलेलं सोनं

फेट्याचा पीळ तिसऱ्यांदा सुटला तशी हरणाबाई वैतागली.

"मान हलवू नगा. एकोणीस वर्सं नगरपालिका सांभाळली, आन् मान सांभाळता येईना व्हय?"

आप्पासो हसले. म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली. उजवी चैत्रात अर्धांगाच्या झटक्यानं गेली ती परत आली नव्हती. हात गेला, पाय गेला आणि सभेत तासतासभर चालणारी जीभही गेली. चार शब्द बोलायचे तर कपाळावर घाम यायचा.

दसरा होता. सोप्यात आपट्याच्या पानांचा ढीग पडला होता. सोनं द्यायला लहानानं थोराकडं जायचं, ही जगाची रीत. आप्पासोंनी ती आपल्या गावात उलटी केली होती. नगराध्यक्ष गावाचा चाकर, त्यानंच दारोदार जावं, असं म्हणून ते शिलंगण झालं की वरच्या आळीपासून निघायचे ते खालच्या आळीत शेवटच्या घरापर्यंत. पद गेल्यावरही बारा वर्षं ही फेरी चुकली नव्हती. यंदा चाकाच्या खुर्चीमुळं गावच त्यांच्याकडं येणार होतं.

फेटा बसला. हरणाबाई आरसा आणायला वळली, तर आप्पासोंनी डाव्या हातानं ढिगातली एक डहाळी उचलली आणि बायकोपुढं धरली.

"साळू," ते म्हणाले. खालच्या आळीतलं शेवटचं घर साळूबाईचं.

हरणाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"ती कवा घेतीया का?" ती म्हणाली. "बारा वर्सं दार लावती तोंडावर. आता मला पाठवून माजंबी तोंड काळं करायचं हाय का?"

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तिनं गपकन् डहाळी घेतली आणि चपला घातल्या.

हरणाबाई शाळेला दोन वर्षं गेलेली, पण गावात तिच्या शब्दाला धार होती. मधे अडीच वर्षं नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा माणसं घरी आली, वहिनींना उभं करा म्हणाली. आप्पासो म्हणाले होते, घरात ती अध्यक्ष हायच, गावाला कशाला तरास. सगळे हसले. तीही हसली, आणि मनातून फुगली. चार लेकरांची दुखणीखुपणी, शाळा, सोयरिकी, सगळं तिच्या म्हणण्यानं झालं. आप्पासो कुठंही असोत, दुपारी जेवायला घरी. मुख्याधिकारी ताटकळला तरी चालेल, पण धाकटी दीपमाला बापाच्या ताटात जेवायला बसलेली असायची.

बारा वर्षांमागं, त्या दीपमालाच्या लग्नात ते घडलं.

वैशाख होता. तलाव तळाला गेलेला, गावाला चौथ्या दिवशी पाणी. चावीवाला नाथाजी आळीआळीनं पाणी सोडायचा. आप्पासोंचा एक नेम होता. नगराध्यक्षाच्या आळीला पाणी सगळ्यात शेवटी. हळदीच्या दिवशी पाळी खालच्या आळीची होती. आप्पासो म्हणाले, टँकर सांगू, त्यात काय.

टँकर. विट्याचे व्याही यायचे होते. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान. त्यांच्या बायका नगराध्यक्षाच्या दारात उतरणार आणि पहिलं काय बघणार, तर टँकरला लावलेल्या घागरी? आप्पासो मांडवाच्या गडबडीत होते. ती मागच्या दारानं गेली, नाथाजीला गाठलं आणि म्हणाली, "आप्पांनी सांगितलंय. आज खालच्या आळीची चावी उघडू नगंस. आपल्या आळीला सोड."

आप्पांचं नाव घेतलं, म्हणून नाथाजीनं दुसरा शब्द विचारला नाही.

त्या दिवशी नगराध्यक्षाच्या दारात नळ धो धो वाहिला. विहीणबाईंनी कौतुक केलं. आणि खालच्या आळीत साळूबाई, तान्ह्या नातवाचे कपडे धुवायचे पडले म्हणून, जुन्या बारवेत उतरली. पायऱ्या शेवाळलेल्या. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सांगलीला नेऊन सळई घातली, पण पाय आखूड झाला तो झालाच.

पुढच्या सभेत विरोधकांनी नाथाजीला उभं केलं. त्यानं खरं तेच सांगितलं, आप्पांचा निरोप होता. आप्पासोंनी एकदाच त्याच्याकडं बघितलं आणि उठले. व्हय, मी सांगितलं, चूक माझी, असं म्हणून तिथल्या तिथं राजीनामा लिहिला. घरी येऊन जेवले. दीपमालाचा फोन आला का, एवढंच विचारलं.

निरोप नेणारी कोण, हे त्यांनी नाथाजीला विचारलं नाही. तिलाही नाही. तिनं त्या रात्री सांगायचं ठरवलं, मग लेकीची माहेर-सासरची पाचपरतावणं होऊ देत म्हणाली, मग दिवाळी होऊ दे. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही, असं तिनं स्वतःला पटवलं. फक्त दसरा आला की आप्पासो शेवटच्या घरावरून ती एक डहाळी तशीच परत घेऊन यायचे, आणि ती ताट वाढताना त्यांच्याकडं बघायची नाही.

खालच्या आळीत साळूबाई उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. पाय लांब सोडलेला. तिनं वर बघितलं.

"अध्यक्षीणबाई. वाट चुकली जनू."

"ह्यांनी सोनं धाडलंय."

"आप्पाच्या हातचं मी घेत न्हाई. ठावं हाय की तुमास्नी." साळूबाईनं शेंग फोडली. "मानूस दुखण्यात हाय, मला वाईट वाटतं. खोटं सांगत न्हाई. पर लेकीच्या लग्नापायी आमचं पानी तोडलं त्यानं."

हरणाबाईला वाटलं, डहाळी उंबऱ्यावर ठेवावी आणि मागं फिरावं. घरी सांगावं, घेतलं तिनं. आप्पासो खूश होतील. कुणाचं काय बिघडतं? तसं खोटं तिला नवं नव्हतं.

"त्यांनी न्हाई," ती म्हणाली. "नाथाजीला मी सांगितलं हुतं. ह्यांचं नाव घिऊन."

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारची बाई दारात येऊन उभी होती, ती आत गेली.

"आप्पाला ठावं हुतं?"

"कवा इचारलं न्हाई. पर ठावं हाय."

साळूबाईनं आवाज चढवला नाही. "पाय मोडला ते दिसतंय तरी. पर बारा वर्सं मी एका चांगल्या मानसाच्या तोंडावर दार लावलं. तुमी मला लावू दिलंसा. ह्याला कुठली सळई घालायची, वैनी?"



साळूबाईनं भिंतीला धरून स्वतःला उठवलं. हरणाबाई हात द्यायला पुढं झाली, तो हात तिनं बघितलाच नाही. आतून देवापुढची दोन पानं घेतली, काठी घेतली आणि चालायला लागली. वरच्या आळीपर्यंत पाऊण मैल. साळूबाई पुढं, आणि तिच्या चालीनं, दर चार पावलांना थांबत, मागं हरणाबाई. माणसं सोनं द्यायला थांबत होती, दोघींची तोंडं बघून बाजूला होत होती.

सोप्यात आप्पासो खुर्चीत तसेच होते. साळूबाई त्यांच्यापुढं उभी राहिली. दम लागला होता.

"आप्पा, सोनं घ्या. उशीर झाला मला."

आप्पासोंनी डावा हात पुढं केला. पानं तळहातावर पडली, पण त्यांनी मूठ मिटली नाही. ते साळूबाईकडं बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडं बघत होते. ओठ हलायला लागले. घाम आला. हरणाबाईला ठाऊक होतं, आता शब्द निघायला वेळ लागणार. तिनं खाली बघितलं नाही.

"कशाला," ते म्हणाले. "कशाला सांगितलंस?"

राग नव्हता त्यात. बारा वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी कुणी न विचारता मोडलं, तर म्हाताऱ्या माणसाचं तोंड होतं तसं झालं होतं.

साळूबाई बाजूच्या बाकावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

मग गाव यायला लागलं. आधी नाथाजी आला, म्हातारा झालेला. मागोमाग नगरसेवक, दुकानदार, माहेराला आलेल्या पोरी. रांग आप्पासोंच्या पायाशी वाकत होती, हातावर पान ठेवत होती, आणि रिवाजाप्रमाणं पुढं सरकून शेजारी बसलेल्या हरणाबाईच्या पायाशी येत होती. पहिला माणूस वाकला, तसं तिनं दोन्ही पाय मागं ओढले आणि लुगड्याच्या काठाखाली घेतले. वाकलेल्याचा हात फरशीला लागला. त्याला वाटलं, आपलं अंतर चुकलं. तो जरा पुढं सरकला. तिनं पाय आणखी आत घेतले.