चौकोनी कंसातले तीन ठिपके

आमच्या त्रैमासिकात डॉक्टर लिहीत नाहीत. आजाराने घराचं, नोकरीचं, नात्यांचं काय होतं, यावर समाजशास्त्राचे अभ्यासक लिहितात. त्यांच्या लेखांत आजारी माणसं बोलतात, पण नावाशिवाय. ‘सहभागी ४, पुरुष, ४१.’ ‘सहभागी ९, स्त्री, ६६.’ एकोणीस वर्षं मी या लेखांची भाषा आणि संदर्भ तपासते आहे. यांतलं कोणी रस्त्यात समोर आलं, तरी मला ओळखता येऊ नये, यासाठीच सगळी खटपट असते.

त्या मंगळवारी डायलिसिस घेणाऱ्यांवरचा एक लेख माझ्या टेबलावर आला. तज्ज्ञांनी वाचून पसंत केलेला. आता भाषा बघायची आणि छपाईला सोडायचा. लेखिकेने नावं, गाव, हॉस्पिटल, सगळं निगुतीने पुसलं होतं. बाराव्या पानावर ‘सहभागी ११, स्त्री, ५८’ बोलत होती:

“या मशीनला मी सवत म्हणते. आठवड्यातून तीनदा हिच्या दारात जाऊन बसायचं, वर हिचीच मर्जी सांभाळायची. धाकटी बहीण दर वेळी येते. चष्मा कपाळावर चढवते आणि पर्समध्ये शोधत बसते. […] ती आली, की मी डोळे मिटून घेते.”

माझा हात कपाळावर गेला. चष्मा तिथेच होता.

नावं पुसणाऱ्या बाईंना ‘सवत’ पुसायचं सुचलं नव्हतं. आमच्या घरी त्या मशीनला दुसरं नावच नव्हतं. “चला, सवत वाट बघतेय,” असं म्हणत ताई जिना उतरायची, आणि भावोजी मागून तिची शाल घेऊन धावायचे.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधीची तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, ऑफिसातून लवकर निघून मी चारला हॉस्पिटलात तिच्यापाशी पोचायचे. ती झोपलेली असायची. मी शेजारच्या स्टुलावर बसून मनातल्या मनात जप करायचे. सहाला भावोजी आले, की निघायचे. घरी अखंड बडबडणारी माझी बहीण तिथे मात्र गाढ झोपते, याचं मला बरंच वाटायचं. तेवढाच तिच्या जिवाला आराम.

उताऱ्याखाली लेखिकेने अर्थ लावला होता: ‘अकराव्या सहभागीच्या लेखी नातलगांची सोबत हीदेखील सोसण्याचीच एक गोष्ट होती.’

ते वाक्य मी तीनदा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

चौकोनी कंसातले तीन ठिपके म्हणजे, इथे माणूस आणखी काही बोलला होता, लेखकाने ते गाळलं. असे ठिपके मी आजवर हजारांनी पाहिले असतील. कंसाच्या आधी-नंतर जागा नीट सुटली आहे ना, एवढंच बघायची सवय. त्या दिवशी मात्र नजर तिथून हलेना. तिथे ताई काहीतरी बोलली होती. माझ्याबद्दलच. मी तिथे तिला नको होते का?

मी पानाच्या कडेला लेखिकेसाठी प्रश्न लिहिला: ‘गाळलेल्या मजकुरामुळे अर्थ बदलत नाही ना? मुलाखतीतला हा भाग पूर्ण पाठवावा.’ असा प्रश्न विचारायचा आम्हाला हक्क असतो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी तो पाठवायला बोट धजेना.

“काय हो, सकाळपासून बाराव्याच पानावर मुक्काम?” पलीकडच्या टेबलावरून स्वल्पविराम म्हणाले. ते आमचे मुद्रितशोधक. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी एका कुलगुरूंना महिनाभर झुंजवलं होतं, तेव्हापासून त्यांचं हेच नाव पडलं.

“बघतेय.”

“बघा, सावकाश बघा. तुमचं बघून होईस्तोवर त्यातले पेशंट ठणठणीत होऊन घरी जातील.”

त्यांना काय ठाऊक. मी हसले.

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. सकाळी दिवा लावताना मी तो त्या दिवसापुरताच घेते, जन्मभराचा घ्यायची माझी ताकद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वात पेटली, आणि शब्द काही ओठांवर येईनात. शेवटी तशीच ऑफिसला गेले आणि संपादक मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहिले.

सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. “प्रश्न पाठवलास?”

“नाही.”

“का? कोणाच्या बापाला कळलं नसतं.”

“म्हणूनच हात उचलेना, मॅडम.”

“बस आधी.” त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “नियम तुला माहीत आहे. सहभागी ओळखीचा निघाला, की फाइल सोडायची. छापून येईपर्यंत लेखाबद्दल विचारायचं नाही, कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही.”

“माझी ताई आहे ती.”

“घरी. इथे ती सहभागी अकरा.” मग त्यांचा आवाज उतरला. “अगं, नाव राहणार नाही म्हणून ती बाई मोकळी बोलली. कदाचित तू ऐकू नयेस, म्हणूनही बोलली असेल.”

टेबलावर येऊन मी माझा प्रश्न पुसला. फाइल स्वल्पविरामांकडे गेली, कारण न सांगता.

पंधरा दिवसांनी ते फोनवर कोणाशी तरी वाद घालताना कानावर पडलं. “गाळलंत ते गाळलंत हो! पण गाळल्यावर बाईंचं म्हणणं उलटं होतंय की काय, ते सांगा ना. नाही, नाही, मुलाखत उघडा. मी थांबतो. बाराव्या पानावरचं...”

मी उठले. पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनपाशी जाऊन ग्लास भरला, आणि तो हातात धरून उभी राहिले. भिंतीपलीकडे माझी ताई बोलत होती आणि एक परका माणूस ऐकत होता. दार ढकललं असतं, तर मलाही ऐकू आलं असतं. पाणी कोमट होईपर्यंत मी तिथेच होते.

परत आले तर स्वल्पविराम खुशीत. “त्या बाराव्या पानाने पिच्छा पुरवला बघा. दोन ओळी परत घालायला लावल्या. खालचं अर्थाचं वाक्यही काढायला लावलं. तुम्हाला म्हणून सांगतो, ती बाई काय म्हणाली होती...”

“नका सांगू.”

“अहो, ऐका तर. मोठी गंमत...”

“नका ना सांगू!”

माझा एवढा आवाज त्या खोलीत कोणी ऐकला नव्हता. स्वल्पविरामांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या फाइलकडे. बराच वेळ ती फाइल उगाच सरळ करत राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

अंक यायला चार महिने लागले. त्या दिवसांत रात्री पाठ टेकली, की त्या दोन ओळी मी स्वतःच रचायचे. कधी गोड, कधी लागट. एकीतही तिचा आवाज येत नसे. तिचा आवाज मला आता नीट आठवतही नाही, हेही तेव्हाच कळलं.

गठ्ठे आले त्या दुपारी मी एक प्रत घेतली आणि खिडकीपाशी बसले. अंकातलं पान सत्याऐंशी.

“...पर्समध्ये शोधत बसते. चार वाजायला आले, की माझं सगळं लक्ष दाराकडे. पण तिने कसं वाटतंय म्हणून विचारलं, तर माझा बांध फुटेल, आणि माझं बघून तिचाही. मग तिचे ते दोन तास रडण्यातच जातील. ती आली, की मी डोळे मिटून घेते.”

ती जागी होती. आठवड्यातून तीनदा, तीन वर्षं, हातभर अंतरावर.

आणि मी, तिची झोप मोडू नये म्हणून, निघताना स्टूल कधी ओढलं नाही. दोन्ही हातांनी अलगद उचलून भिंतीशी ठेवायचे.