थंडी सांगणारे आणि मी

मित्रांनो, मी हवेचा थर्मामीटर. वयाने बराच जुना. माझी पट्टी सागवानी आहे आणि अंगावरचे निम्मे आकडे आता पुसट झालेत. पण उद्या काय होणार, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो उद्योग माझ्याभोवतीची माणसं करतात.

कारखान्यात मला आधी बर्फात बुडवलं, मग वाफेत धरलं. दोन्हींच्या खुणा अंगावर घेतल्या, तेव्हा कुठे मला बोलायची परवानगी मिळाली. माणसांना ती अशीच मिळते, हे मला फार उशिरा कळलं.

जहाजावर नोकरीला असलेल्या या घरच्या मालकांनी मला मालवणात आणून पडवीच्या खांबावर टांगलं. तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला यायचे. पुढे मालक वारले. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं, पालीने अंडी घातली, आणि मालकांच्या मुलाने, जितेंद्रने, माझ्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. मी त्या कॅलेंडरमागे झाकला गेलो.

जितेंद्रची आई, जानकीबाई, तेवढ्या मला विसरल्या नाहीत. सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्या कॅलेंडर बाजूला सारतात, पदराने माझी काच पुसतात आणि पारा बघतात. कार्तिकात मग अंगणातल्या हापूसच्या कलमापाशी दिवाही लावतात. ते कलम त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने लावलेलं.

यंदा ते कलम पाडून त्या जागेवर जितेंद्रला पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. कलमाला दोन-तीन वर्षं मोहोर नव्हता, हे खरं. थंडी पडली तरच मोहोर येतो, हेही खरं. म्हणून मग थंडी पडणारच नाही, हे ठरवायची घाई सुरू झाली.

"आये, मोबाइलात दिलेला हा. यंदा हिवाळो गरम," जितेंद्र म्हणाला.

"मोबाइलाक काय कळता? मुंगळे बघ, कसे भिंतीर चढतत," त्याचे काका दाजी म्हणाले. "धोबी पक्षी पण येवक नाय अजून. थंडी नाय म्हणजे नाय."

थंडीबरोबर येणारा धोबी पक्षी कधीच आला होता. रोज सकाळी विहिरीच्या काठावर शेपटी नाचवायचा. दाजी त्या वेळी घोरत असायचे.

काका-पुतण्याचं एरवी कशात जुळत नाही. इथे जुळलं. मग दोघांनी देवालाही आपल्यात ओढलं. आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. थंडी पडेल का, असं यांनी विचारलं. परत आल्यावर दोघांचे चेहरे काही बरे नव्हते.

"कौल खंयचो पडलो?" जानकीबाईंनी विचारलं.

"पयलो उजवो. पण वारो होतो," दाजी म्हणाले. "म्हणान परत लावलो. तोय उजवो. मगे गुरवाक सांगितलंय, नीट लाव रे. तेवा डावो पडलो."

"देवाक बहिरो समाजलात, भावजी?" जानकीबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही. "आता माझा ऐका. कार्तिकभर त्या झाडाकडे दिवो लावूचो माझो नेम आसा. तेवढो सरू दे. मगे मी आड येवचंय नाय."

कार्तिकाच्या शेवटी शेवटी माझा पारा खाली येऊ लागला. जानकीबाईंनी ते लेकाला सांगितलंही.

"तो बिघाडलो हा," जितेंद्र म्हणाला. अंगावर शाल होती त्याच्या.

अमावास्या सरली आणि दुसऱ्या सकाळी झाडं पाडणारा गुरुदास कटर घेऊन हजर झाला. जानकीबाईंनी शब्द दिला होता. त्या पडवीत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाने नाम घेत राहिल्या. एका हाताने त्यांनी खांब धरला होता. गुरुदास दोर बांधायला कलमावर चढला, आणि वर जाऊन नुसताच बसला.

"काय रे, झोपलंस काय?" जितेंद्रने खालून विचारलं.

"डोळे फुगले हत," गुरुदास फांदीच्या टोकाचा कोंब चिमटीत धरून म्हणाला. "सगळ्या टाळ्यांक. मोहोर येता हा." तो खाली उतरला आणि दोर गुंडाळू लागला. "माझ्या घराकडेय कलमा आसत. असला झाड मी पाडूचंय नाय. दुसरो कोण तरी बघ."

दुसरा कुणी त्या गावात मिळाला नाही. पंधरवड्यात कलम मोहोराने भरून गेलं.

आता दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मुंगळे माका सांगीतच होते." जितेंद्र कलमाखाली उभा राहून पर्यटकांसाठी फोटो काढतो आणि म्हणतो, "मी आधीच बोललंय." पुढचा हिवाळा कसा जाणार, यावर त्यांची चर्चाही सुरू झाली आहे.

मुंगळ्यांवर माझा राग नाही, मित्रांनो, मोबाइलवरही नाही. ज्यांना उत्तर आधीच हवं असतं आणि पुरावा मागाहून, त्यांची मात्र मला किळस येते. तुम्ही तसे होऊ नका. अंदाज जरूर ऐका, पक्षीही बघा. पण कुठल्याही झाडाला हात लावण्याआधी सकाळी उठून अंगणात या. तिथे गार लागलं, तर गार म्हणा.