खोडलेल्या ओळी

घरच्या कॉम्प्युटरवर मी पासवर्ड कधीच सरळ टाइप करत नसे. आधी शेवटची अक्षरं, मग माऊसने मागे जाऊन सुरुवातीची, मध्ये उगाच दोन फालतू, ती माऊसनेच निवडून त्यांच्यावर खरी. बँकेचा तर पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिचकी मारून. नवरा म्हणायचा, एवढ्यात चालत बँकेत जाऊन आली असतीस. पण दाबलेली प्रत्येक की गुपचूप टिपून दुसऱ्याला पाठवणारे प्रोग्राम असतात, असं कुठेतरी वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात होता. तिसऱ्या मजल्यावर मी आणि आमची लेक ठकी. ठकी चालायला लागली होती, म्हणजे माझं बसणं संपलं होतं. दिवसभर बोलायचं ते तिच्याशीच, तेही ‘नको’, ‘थांब’, ‘तोंडात घालू नको’. ती झोपली की मी नवऱ्याला मेल लिहायला बसायची. एक ओळ लिहायची, वाचायची, खोडायची. शेवटी जायचं ते एवढंच, की ठकीला दात आलाय, आम्ही मजेत आहोत.

मशीन फारच रखडायला लागलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो गुणगुणत काम करत होता, मध्येच गप्प झाला.

“ताई, कोणीतरी टिपून घेतंय तुमचं.”

मला पटावं म्हणून त्याने फाइलच उघडून दाखवली. माझ्या पासवर्डांची नुसती खिचडी झाली होती, कोणालाही त्यातून काही उमगलं नसतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग नजर खाली गेली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं माझंच मराठी. ‘मला ठकीबरोबर एकटं राहायची भीती वाटते.’ त्यापुढे खोडायचं बटण दाबल्याच्या खुणा, ओळभर. ‘आज तिच्यावर इतकी ओरडले की ती रडायचीच थांबली.’ पुन्हा खुणा. ‘ये ना.’ खुणा.

दुरुस्तीवाल्याने प्यायला पाणी मागितलं. भरलेला ग्लास त्याच्या शेजारीच होता. तरी मी आत गेले आणि दुसरा घेऊन आले.

हे सगळं रोज एका पत्त्यावर जातंय, ओळखीचा आहे का बघा, असं तो पडद्याकडे न बघता म्हणाला. पत्ता नवऱ्याचा होता.

मी ते काढून टाकायला सांगितलं. तो गेल्यावर ठकीला झोपवलं आणि फोन लावला.

नवऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. मी नोकरीवर जायची तेव्हा ठकीला सांभाळायला मावशी यायच्या. त्या कॉम्प्युटरला हात लावतात असा संशय मलाच होता, ‘काहीतरी कर’ म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. त्याने केलं. मग मावशी सुटल्या, माझी नोकरी सुटली, प्रोग्राम तेवढा राहिला.

“आणि तू वाचत होतास?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू खोडलं होतंस ना. वाटलं, मला कळायला नकोय तुला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले, धड आठवतही नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ती भीतीची ओळ वाचली तेव्हा लगेच फोन केला होता, कशा आहात विचारलं होतं. मी काय म्हणाले असेन, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

तिकडे एका खोलीत तो माझ्या खोडलेल्या ओळी वाचत बसलेला, इकडे मी त्या खोडत बसलेली. दोघंही मजेत.

“आता तुला काही येणार नाही,” मी म्हणाले. “काढलंय ते.”

“बरं केलंस. मग आता तूच सांग.”

सांगायचं तर होतं. तोंडातून निघालं, “दूध संपलंय.”

“बरं. आणि?”

“आणि खाली उतरून आणायची ताकद नाहीये.”

“आणि?”

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. वेळ लागेल, तुम्ही व्हा पुढे, असं त्याने त्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं. मी भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवर बसले आणि कुठून सुरुवात करायची ते शोधू लागले. तो थांबला होता.